पॅरिसच्या तीन तिहाया : राजा कारिबर्टच्या वारशाचं प्रकरण

फ्रँक या जर्मानिक लोकांचा राजा पहिला कारिबर्ट याला पॅरिसची गादी मिळाली ५६१ च्या अखेरीस. नोव्हेंबर ५६७ मध्ये त्याच्या संमतीने तूर शहरात बिशपांची परिषद भरली, तोवर तो हयात होता. त्यानंतर थोड्याच काळात तो वारला. जेमतेम सहा वर्षांचं राज्य, आणि पोटी मुलगा नाही. मागे राहिले तीन भाऊ (गुंट्राम, सिगेबर्ट आणि चिल्पेरिक), काही मुली, एक टाकलेली राणी, एक विधवा, खजिना, आणि इंग्लिश खाडीपासून पिरेनीज पर्वतापर्यंत विखुरलेली शहरं.

भावांनी राज्याचे तीन वाटे केले, करार लिहून ठेवला, त्यावर संतांच्या नावाने शापवचन घातलं. एवढं करूनही वाद मिटायला नोव्हेंबर ५८७ उजाडला. मधल्या वीस वर्षांत तिघा भावांपैकी दोघांचे खून झाले आणि तूर-प्वातिएच्या मुलखाने पुन्हा पुन्हा आग पाहिली. हा काळ बहुतेक वेळा सिगेबर्टची ब्रुनहिल्ड आणि चिल्पेरिकची फ्रेडेगुंड या दोन राण्यांच्या वैराची हकीकत म्हणून सांगितला जातो. वैर खरंच होतं. पण वाटणीच्या अटी नीट पाहिल्या तर भांडणाचं बी त्या अटींतच सापडतं. एक शहर सामाईक ठेवलं, बाकीचे वाटे एकमेकांत अडकवले, आणि करार मोडला तर शिक्षा काय ते लिहिलं. पण तो मोडला की नाही हे कोणी ठरवायचं, ते लिहिलंच नाही.

साधनांबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपली जवळजवळ सगळी माहिती तूरचा बिशप ग्रेगरी याच्या इतिवृत्तातून येते. तो ५७३ मध्ये बिशप झाला आणि ५९४ मध्ये वारला. तूर हे शहर स्वतःच या वारशातलं, त्यामुळे ग्रेगरी तटस्थ नाही. सिगेबर्टच्या घराण्याकडे त्याचा ओढा आहे आणि चिल्पेरिकबद्दल त्याला तिटकारा आहे. आणखी पंचाईत अशी की ५६७ ची वाटणी नेमकी कशी झाली, याचं वर्णन त्याने कुठेच केलेलं नाही. ती आपल्याला पुढच्या प्रसंगांतून मागे जाऊन जुळवावी लागते: ५८३ चा चिल्पेरिकचा पॅरिस-प्रवेश, ५८४ मध्ये गुंट्रामने वकिलांना दिलेलं उत्तर, आणि ५८७ च्या ऑंदेलोच्या तहाचा मजकूर, जो ग्रेगरीने अख्खा उतरवून ठेवला आहे. मूळ कागद गेला. त्यावरची भांडणं उरली, आणि त्या भांडणांतूनच कागद वाचायचा.

वाटा म्हणजे नेमकं काय

कारिबर्टचा आजोबा क्लोविस राजा ५११ मध्ये वारला तेव्हा त्याच्या चार मुलांनी राज्याचे चार भाग केले. थोरल्याला गादी आणि बाकीच्यांना जहागिरी, असा प्रकार या मेरोविंजियन घराण्यात नव्हता. प्रत्येक मुलगा राजा. आई राणी आहे की दासी, यालाही फार महत्त्व नव्हतं. बापाने आपला म्हटलं आणि केस लांब राखू दिले की हक्क सिद्ध. केस कापणं म्हणजे वारसातून काढणं, आणि ही कात्री या घराण्यात अनेकदा चालली.

वाटणी व्हायची ती शहरांची. रोमन अमदानीत गॉलचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, कारभार ‘सिवितास’ या एककावर चालत असे. सिवितास म्हणजे तटबंदीचं शहर आणि त्याच्या भोवतीचा सगळा ग्रामीण मुलूख. फ्रँकांनी तेच एकक घेतलं. शहरात राजाचा एक अधिकारी, ‘कोमेस’, असायचा. सारा वसूल करणं, न्याय देणं आणि लढाईच्या वेळी त्या शहराची माणसं गोळा करून नेणं ही त्याची कामं. शेजारी बिशप, ज्याचा धर्मप्रांत साधारण त्याच हद्दीचा. म्हणून एक शहर वाट्याला आलं म्हणजे सारा, राजाच्या खासगी जमिनी, फौजेची एक तुकडी आणि एक बिशप, असा पूर्ण संच हाती आला. हा संच कुठल्याही राजाच्या राज्याला जोडता येई. मधला मुलूख आपला असो वा नसो.

आणि ताबा बदलायचा कसा? राजाची माणसं शहरात येत आणि रहिवाशांकडून निष्ठेची शपथ घेत. शपथ झाली की शहर त्या राजाचं. ही पद्धत सोयीची होती, आणि त्याच कारणाने धोक्याची. एका उन्हाळी मोहिमेत चार-पाच शहरांच्या शपथा उलटवता येत. पुढच्या वीस वर्षांतली बरीचशी युद्धं मैदान जिंकण्याची नव्हती; ती शपथा उलटवण्याची होती.

५६१ ची वाटणी

क्लोविसच्या चार मुलांपैकी तिघांच्या शाखा एकेक करून खुंटल्या. क्लोडोमेर ५२४ मध्ये लढाईत पडला आणि त्याच्या दोन मुलांना काकांनीच मारलं. थ्यूडेरिकच्या शाखेतला शेवटचा पुरुष ५५५ मध्ये गेला. पॅरिसचा चिल्डेबर्ट ५५८ मध्ये मुलगा नसताना वारला. सगळं राज्य चौथा मुलगा क्लोथार याच्याकडे आलं आणि तीन वर्षं एकसंध राहिलं. ५६१ मध्ये तो कॉम्पिएन्य इथे वारला.

त्याचे चार मुलगे हयात होते. कारिबर्ट, गुंट्राम आणि सिगेबर्ट हे राणी इंगुंडचे. चिल्पेरिक हा तिची सख्खी बहीण अरेगुंड हिचा, कारण क्लोथारने दोघी बहिणींशी लग्न केलं होतं. म्हणजे चिल्पेरिक इतर तिघांचा सावत्र भाऊ आणि मावसभाऊही. बापाला मूठमाती देऊन होताच चिल्पेरिकने बेर्नीच्या राजवाड्यातला खजिना ताब्यात घेतला, मातब्बर फ्रँकांना पैसे वाटले आणि पॅरिसमध्ये जाऊन बसला. तिघा भावांनी मिळून त्याला तिथून हुसकलं आणि मग रीतसर वाटणी केली. कारिबर्टला चिल्डेबर्टचं राज्य, पॅरिस गादीसह. गुंट्रामला क्लोडोमेरचं, ओर्लेआँ गादीसह. सिगेबर्टला थ्यूडेरिकचं, रॅन्ससह. चिल्पेरिकला बापाचं मूळचं स्वासोंचं राज्य.

म्हणजे ५६१ मध्ये नवी हद्द शोधावी लागली नाही, ५११ चा साचा समोर होता. शिवाय कोणी एकट्याने पॅरिस बळकावलं तर बाकीचे एक होतात, हा धडा चौघांनी तेव्हाच गिरवला. ५६७ मधली पॅरिसबाबतची विचित्र अट माझ्या मते याच प्रसंगातून आली आहे.

सहा वर्षांचं राज्य

कारिबर्टला ग्रेगरी चांगला राजा म्हणत नाही. उलट कवी फॉर्च्युनॅटसने त्याच्या अस्खलित लॅटिनची आणि न्यायबुद्धीची भरभरून स्तुती केली आहे. दोन प्रसंग इथे कामाचे आहेत, कारण दोन्ही वारशाबद्दलच आहेत.

पहिला साँत शहरातला. क्लोथारच्या हुकमाने, प्रांताच्या मुख्य बिशपाची संमती न घेता, तिथे एमेरियस बिशप झाला होता. क्लोथार गेल्यावर बोर्दोचा मुख्य बिशप लिओंटियस याने परिषद भरवून त्याला काढलं आणि नव्या माणसाच्या नावाला मंजुरी मागायला एक पुरोहित कारिबर्टकडे पाठवला. कारिबर्ट भडकला. क्लोथारचे निर्णय सांभाळायला त्याचा एकही मुलगा उरला नाही असं समजता का, या अर्थाचं बोलून त्याने त्या पुरोहिताला काट्यांनी भरलेल्या गाडीत घालून हद्दपार केलं, एमेरियसला परत बसवलं आणि लिओंटियसला सोन्याच्या १००० नाण्यांचा दंड केला. दंड वसूल झाला म्हणजे बोर्दो कारिबर्टच्या राज्यात होतं, हेही यातून पक्कं होतं. ते पुढे लागणार आहे.

दुसरा तूरचा. क्लोथार गेल्यावर तूरच्या लोकांनी कारिबर्टला निष्ठेची शपथ दिली, आणि त्यानेही उलट शपथ दिली की नवे कर लावणार नाही. पुढे गायसो नावाच्या अधिकाऱ्याने जुन्या साऱ्याची वही काढून वसुली सुरू केली. बिशप युफ्रोनियसने ते अडवलं आणि प्रकरण राजापुढे गेलं. कारिबर्टने वही आगीत टाकली आणि वसूल झालेलं सोनं संत मार्टिनच्या चर्चला परत पाठवलं. ५८९ मध्ये सारा ठरवणारे अधिकारी पुन्हा तूरला आले तेव्हा ग्रेगरीने त्यांना हा सगळा इतिहास ऐकवला: कारिबर्टने सूट दिली, त्याच्यामागे शहर ज्याच्याकडे आलं त्या सिगेबर्टने ती पाळली, आणि त्याच्या मुलानेही. सूट पुन्हा मान्य झाली. शहर वारशात येताना मोकळं येत नाही. आधीच्या धन्याने दिलेली शपथ त्याला चिकटून येते आणि नव्या राजाचा वाटा तेवढा हलका होतो. वाटणी करताना शहरांची नुसती संख्या मोजून भागत नाही, ते यासाठी.

मुलगा नाही, मुली आहेत

कारिबर्टची पहिली राणी इंगोबेर्गा. तिच्या दासींपैकी दोघी बहिणी, मेरोफ्लेड आणि मार्कोवेफा, एका लोकर विंचरणाऱ्याच्या मुली. राणीने त्या बापाला राजाच्या नजरेसमोर कामाला बसवलं, कुळ पाहून तरी राजा भानावर येईल म्हणून. राजाने उलट तिलाच सोडलं आणि मेरोफ्लेडशी लग्न केलं. मेंढपाळाची मुलगी थ्यूडेचिल्ड हीही राणी झाली. तिला मुलगा झाला, पण जन्मल्यावर लगेच गेला. तो जगला असता तर हे प्रकरण उद्भवलंच नसतं. शेवटी राजाने मार्कोवेफाशी लग्न केलं. ती एक तर बायकोची बहीण, त्यात जोगिणीचा वेश घेतलेली. पॅरिसचा बिशप जर्मेनस याने दोघांना धर्मबाह्य केलं. मार्कोवेफा वारली आणि तिच्यामागे थोड्या दिवसांत राजा.

थ्यूडेचिल्डने गुंट्रामला निरोप पाठवून लग्नाची तयारी दाखवली. त्याने खजिन्यासह यायला सांगितलं, आल्यावर खजिन्यातला मोठा भाग ठेवून घेतला आणि तिला आर्लच्या मठात धाडलं. तिथून एका गॉथ माणसाच्या मदतीने स्पेनला पळण्याचा तिचा बेत फसला आणि मरेपर्यंत ती कोंडवासात राहिली. हे सगळं वाटणीच्या हिशेबात धरायला हवं. शहरांचे तीन वाटे झाले, पण या रोकडीचा मोठा वाटा जो आधी पुढे झाला त्याने नेला.

मुलींना राज्यात हक्क नव्हताच. इंगोबेर्गाची मुलगी बर्था केंटचा राजा एथेलबर्ट याला दिली होती. ५९७ मध्ये ऑगस्टिन धर्मप्रसाराला इंग्लंडात उतरला तेव्हा तिथे आधीच एक ख्रिस्ती राणी होती, ती हीच. दुसरी, क्रोडेचिल्ड, प्वातिएच्या मठात जोगीण होती. ५८९ मध्ये तिने मठाधिकारिणीविरुद्ध बंड केलं ते कारिबर्टची मुलगी असल्याचा तोरा मिरवत. इंगोबेर्गा त्याच वर्षी वारली. मृत्युपत्र करायला तिने ग्रेगरीलाच बोलावलं होतं; तूरच्या मुख्य चर्चला, संत मार्टिनच्या चर्चला आणि ल मांच्या चर्चला देणग्या, आणि अनेक गुलामांना मुक्तीचे कागद. नवऱ्याच्या राज्यावर वीस वर्षं चाललेल्या भांडणाच्या शेजारी हा एवढा एक कागद कसा नेटका उतरला आहे.

५६७ : तीन वाटे

यावेळी जुना साचा कामाचा नव्हता. चार भागांपैकी एका भागाचे तीन करायचे होते. भूगोल पाहून केले असते तर उत्तरेकडचं चिल्पेरिकला, मध्यभाग गुंट्रामला, असं काही झालं असतं. पण दक्षिणेकडच्या अक्विटेनची शहरं सुपीक आणि सारा देणारी. त्यातला भाग प्रत्येकालाच हवा होता. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यात इकडची चार, तिकडची चार अशी शहरं पडली.

पुढच्या घटनांवरून जे पक्कं कळतं ते असं. सिगेबर्टला तूर, प्वातिए, मो, आल्बी, आव्रांश आणि पिरेनीजच्या पायथ्याची काही शहरं. त्याची गादी रॅन्सला. तूरपर्यंत पोचायला भावाच्या मुलखातून जावं लागे. बोर्दो चिल्पेरिककडे गेलं. पेरिगो आणि आजां गुंट्रामकडे. काही शहरं तर फोडलीच: सांलिसच्या तीन तिहाया, रेसोंच्या भागातही तिहाया, एताम्प आणि शार्त्रच्या मुलखात तुकडे.

शार्त्रचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. शातोदं हा गड धर्मदृष्ट्या शार्त्रच्या बिशपाखाली. वाटणीत तो सिगेबर्टकडे आला. आपल्या गडावर दुसऱ्या हद्दीतल्या बिशपाची सत्ता नको म्हणून सिगेबर्टने शातोदंला प्रोमोटस नावाचा वेगळा बिशप बसवला. शार्त्रचा बिशप पाप्पोलस तक्रार घेऊन गेला, ५७३ च्या पॅरिस परिषदेने ही नेमणूक बेकायदा ठरवली, आणि सिगेबर्ट मेल्यावर प्रोमोटसला गाशा गुंडाळावा लागला. राजांनी हद्द बदलली, चर्चने बदलली नाही. एकाच जागेला दोन हद्दी झाल्या. ५८४ मध्ये चिल्पेरिक मेल्याची बातमी येताच ओर्लेआँ आणि ब्ल्वाची माणसं शातोदंच्या मुलखावर तुटून पडली, घरं आणि धान्य जाळून गेली. मग शातोदं आणि शार्त्रच्या लोकांनी जाऊन तसंच केलं. शेवटी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी सुनावणीपर्यंत शस्त्रं खाली ठेवायला लावली. वर राजा मेला की खाली शेजारी गावं भिडत होती, आणि हे वाटणीपत्रात कुठेही दिसलं नसतं.

पॅरिसची अट

पॅरिस कोणाला द्यायचं, यावर तोड निघेना. क्लोविसने ते आपलं ठाणं केलं होतं आणि तो तिथेच पुरला गेला होता. ज्याच्या हाती पॅरिस तो क्लोविसचा खरा वारस, असा अर्थ लागला असता. म्हणून शहराचं उत्पन्न तीन तिहायांत वाटलं आणि मालकी सामाईक ठेवली. अट अशी: बाकीच्या भावांच्या संमतीशिवाय कोणीही पॅरिसमध्ये पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर त्याचा वाटा बुडाला. आणि याचा न्याय व सूड घ्यायला तिघे संत नेमले: हुतात्मा पॉलियुक्टस, प्वातिएचा हिलरी आणि तूरचा मार्टिन.

आज हे भाबडं वाटेल, तेव्हा नव्हतं. नोव्हेंबर ५६७ च्या तूर परिषदेनेच चर्चची मालमत्ता बळकावणाऱ्यावर बिशपांनी एकत्र जमून बायबलमधलं १०८ वं स्तोत्र शापासारखं म्हणावं, असं कलम केलं होतं. शाप हे तेव्हाचं खरंखुरं हत्यार होतं आणि राजे त्याला भीत. तूरची सारावही जाळताना कारिबर्टही संत मार्टिनला भिऊनच होता.

दोष शापात नव्हता, त्याच्या रचनेत होता. पहिलं म्हणजे शाप लागला हे कळतं माणूस मेल्यावर. तोवर शहर त्याच्या ताब्यात. दुसरं, बुडालेला वाटा कोणाकडे जाणार ते लिहिलेलं दिसत नाही. उरलेल्या दोघांना निम्मा-निम्मा? की शेवटी जो उरेल त्याला सगळा? तिसरं, वाटा बुडाला म्हणजे पॅरिसची तिहाई बुडाली की कारिबर्टच्या राज्यातला पूर्ण वाटा? आणि चौथं, मेलेल्याच्या मुलाचं काय? बापाच्या पापाने मुलगा बेदखल होतो का? या चारही प्रश्नांची उत्तरं पुढे तलवारीने मागितली गेली.

मोडत गेलेला करार

सुरुवात चिल्पेरिकने केली, पण पॅरिसपासून नाही. सिगेबर्टची तूर आणि प्वातिए त्याला हवी होती, कारण ती त्याच्या उत्तरेकडच्या राज्याच्या आणि दक्षिणेकडच्या वाट्याच्या मधे येत. त्याचा मुलगा क्लोविस याने ती घेतली. गुंट्राम आणि सिगेबर्टने मिळून सेनापती मुम्मोलसला पाठवलं, त्याने क्लोविसला तूरमधून हाकललं आणि लोकांकडून सिगेबर्टच्या नावाने शपथ घेतली. प्वातिएत विरोध करणारे दोघे मारले गेले. पाठोपाठ ५७३ मध्ये चिल्पेरिकचा थोरला मुलगा थ्यूडेबर्ट फौज घेऊन आला. प्वातिएजवळ सिगेबर्टच्या सरदाराला हरवून त्याने तूरचा मुलूख जाळला आणि तसाच पुढे लिमोज, काओरकडे गेला. गुंट्रामने आपल्या राज्यातले बिशप पॅरिसला जमवले, भावांमधला निवाडा करण्यासाठी. करारात जे कलम नव्हतं ते त्याने असं तयार करायचा प्रयत्न केला. दोघांनीही ऐकलं नाही.

५७५ मध्ये सिगेबर्ट र्‍हाइनपलीकडची माणसं घेऊन आला, चिल्पेरिकला तूर्नेपर्यंत रेटलं आणि पॅरिसमध्ये शिरला. अट मोडली. त्यानंतर वित्री इथे त्याला ढालीवर उचलून राजा घोषित करत असतानाच फ्रेडेगुंडने पाठवलेल्या दोघांनी विषारी सुऱ्यांनी त्याला भोसकलं. त्याचा पाच वर्षांचा मुलगा, दुसरा चिल्डेबर्ट, याला सरदारांनी पॅरिसमधून गुपचूप काढून गादीवर बसवलं. चिल्पेरिकने पॅरिस घेतलं.

५८३ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी चिल्पेरिक पॅरिसमध्ये शिरला तो अनेक संतांचे अवशेष पुढे चालवत. शाप आपल्याला लागू नये म्हणून. नवजात मुलाचा बाप्तिस्मा तिथे केला. तिघा संतांच्या शापावर उतारा म्हणून आणखी संत! हा एक प्रसंग पुरेसा आहे हे समजायला की करार सोळा वर्षांनीही जिवंत मानला जात होता. चिल्पेरिकला तो मोडायचा होता, नाकारायचा नव्हता. पुढच्याच वर्षी शेलच्या वाड्यापाशी शिकारीवरून परतताना त्याचा खून झाला.

गुंट्रामचा अर्थ

तिघांतला गुंट्राम एकटा उरला. तो पॅरिसला आला. फ्रेडेगुंड चिल्पेरिकचा तान्हा मुलगा क्लोथार याच्यासह तिथल्या चर्चमध्ये आसऱ्याला होती. चिल्डेबर्टही आला, पण पॅरिसकरांनी त्याला आत घेतलं नाही. त्याचे वकील गुंट्रामकडे बापाचा वाटा मागायला गेले. गुंट्रामने कराराचे कागदच पुढे केले. त्याचं म्हणणं असं: संमतीशिवाय जो शिरेल त्याचा वाटा जाईल, हे ठरलं होतं, सिगेबर्ट शिरला आणि देवाच्या न्यायाने मेला, चिल्पेरिकनेही तेच केलं, दोघांचेही वाटे बुडाले, म्हणून कारिबर्टचं सगळं राज्य खजिन्यासह कायद्याने माझं, आणि यातून कोणाला काही दिलंच तर ते माझ्या खुशीने.

वर मांडलेल्या चारही प्रश्नांची उत्तरं त्याने एका दमात आपल्या बाजूने दिली. कागद त्याच्या बाजूने वाचता येत होता, हीच अडचण. तूर आणि प्वातिएचं मन चिल्डेबर्टकडे होतं. गुंट्रामने बूर्जची माणसं पाठवली, तूरच्या हद्दीत पुन्हा जाळपोळ झाली आणि शहराने नाइलाजाने त्याला शपथ दिली.

त्याच सुमारास चौथा दावेदार उभा राहिला: गुंडोवाल्ड. जुना राजा क्लोथार याचा मुलगा म्हणवणारा, ज्याला क्लोथारने नाकारून केस कापले होते. क्लोथारनंतर कारिबर्टने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं, सिगेबर्टने बोलावून पुन्हा कापले. कॉन्स्टँटिनोपलहून परतून तो ५८४ मध्ये ब्रीव्ह इथे ढालीवर चढला. गुंट्रामच्या दृष्टीने तोतया. पण तो खरा ठरला असता तर ५६१ आणि ५६७ च्या दोन्ही वाटण्या उकलाव्या लागल्या असत्या. ५८५ मध्ये कॉमिंजला तो मारला गेला. मुलगे गमावलेल्या गुंट्रामला आता पुतण्याची गरज होती. त्याने चिल्डेबर्टच्या हाती भाला देऊन त्याला वारस मानलं आणि सिगेबर्टकडची शहरं परत केली.

ऑंदेलो : कागद पुन्हा लिहिला

२८ नोव्हेंबर ५८७ रोजी ऑंदेलो इथे गुंट्राम, चिल्डेबर्ट आणि ब्रुनहिल्ड यांच्यात तह झाला. ५६७ मध्ये काय राहिलं होतं, ते या तहाच्या कलमांत उलटं वाचता येतं.

पॅरिसचं सामाईकपण संपवलं. सिगेबर्टची तिहाई, शातोदं आणि वांदोमचे गड, एताम्प व शार्त्रच्या मुलखातला त्याचा भाग, हे सगळं कायमचं गुंट्रामला. बदल्यात चिल्डेबर्टला मो, सांलिसचे दोन हिस्से, तूर, प्वातिए, आव्रांश, एर, कुझरां, लाबूर आणि आल्बी, हद्दींसह, नावं घेऊन. सांलिस तुकड्यांत न ठेवता चिल्डेबर्टने पूर्ण ठेवायचं आणि गुंट्रामच्या तिहाईची भरपाई रेसोंमधल्या आपल्या तिहाईतून करायची. जमिनीला जमीन, तोडीस तोड.

माणसांचाही हिशेब केला. जुना राजा क्लोथार गेल्यावर ज्याने पहिली शपथ ज्या राजाला दिली, तो त्याचाच. नंतर तिकडे गेला असेल तर परत आणायचा. म्हणजे मोजणीची तारीख ५६१ वर नेली आणि मधल्या सगळ्या उलटवलेल्या शपथा एका ओळीत रद्द केल्या. दुसऱ्याची माणसं फोडायची नाहीत, हेही घातलं. संपूर्ण तहातलं हे सगळ्यात हुशार कलम आहे.

स्त्रीधनही आलं. ब्रुनहिल्डची बहीण गाल्सविंथा हिला चिल्पेरिकने लग्नात बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर अशी पाच शहरं दिली होती, आणि मग तिचा गळा आवळून खून झाला. यातलं बोर्दो कारिबर्टच्या वारशातलं. ती शहरं भरपाई म्हणून ब्रुनहिल्डला मिळावीत असा निवाडा पूर्वीच झाला होता. तहात काओर तिला लगेच दिलं. बाकीची चार गुंट्रामकडे त्याच्या हयातीपुरती, नंतर तिच्याकडे.

आणि शेवटचं, सगळ्यात जड कलम: दोघांपैकी जो मुलगा नसताना जाईल त्याचं सगळं राज्य दुसऱ्याला. तह मोडणाऱ्याने तहातले सगळे लाभ गमवायचे. चिल्पेरिकचा लहान मुलगा क्लोथार याला या कागदावर जागाच नव्हती.

पुढच्या वर्षी ग्रेगरी चिल्डेबर्टचा वकील म्हणून शालोंला गुंट्रामकडे गेला. राजाने तक्रारीनेच सुरुवात केली: पुतण्या शब्द पाळत नाही, सांलिसमधला माझा भाग अजून मिळालेला नाही. तहाचा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला. वकिलांनी उत्तर दिलं की तहाविरुद्ध काही झालेलं नाही. आत्ता माणसं पाठवा, सांलिसची वाटणी करून लगेच तुमचा भाग देतो. कारिबर्टला जाऊन वीस वर्षं उलटली होती, दोन भाऊ आणि एक तोतया मारले गेले होते, आणि सांलिसची मोजणी अजून बाकी होती.

गुंट्राम २८ मार्च ५९२ रोजी वारला. त्याचा वाटा, पॅरिससकट, ऑंदेलोच्या शेवटच्या कलमाप्रमाणे चिल्डेबर्टकडे गेला.